एअरलूममधला 'लूम' कोणता?

या वेळी एकाच इंग्रजी शब्दाभोवतीची पत्रे एकत्र घेतली आहेत. शब्द आहे 'एअरलूम', म्हणजे घरात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली वस्तू.

प्रश्न : आमच्या गावात लूम म्हटले की यंत्रमाग. 'एअरलूम'मधला लूम तोच का? इंग्लंडमध्ये विणकर बाप मुलाला माग देऊन जायचा, त्यावरून हा शब्द आला असे एका ठिकाणी वाचले. ते खरे आहे का?
(वाचक, इचलकरंजी)

उत्तर : शब्द तोच आहे, पण माग हा अर्थ इथे नाही. विणकर बापाची गोष्ट मागाहून रचलेली आहे.

जुन्या इंग्रजीत 'गेलोमा' असा शब्द होता. त्याचा अर्थ हत्यार, अवजार, भांडे, घरात किंवा शेतात कामाला येणारी कोणतीही वस्तू. पुढे सुरुवातीचा 'गे' गळला, 'लोम' उरला आणि त्याचा 'लूम' झाला. विणकराच्या घरी सगळ्यांत मोठे अवजार म्हणजे माग. त्यामुळे साधारण चौदाव्या-पंधराव्या शतकाच्या सांध्यावर 'लूम' शब्द मागालाच चिकटत गेला आणि बाकीची अवजारे त्यातून बाहेर पडली. 'एअर' म्हणजे वारस. 'एअरलूम' हा जोडशब्द पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून लेखी सापडतो, तेव्हा 'लूम'चा जुना, मोठा अर्थ अजून जिवंत होता. म्हणून एअरलूम म्हणजे वारसाकडे जाणारे अवजार, वारसाकडे जाणारी कामाची वस्तू.

मराठी वाचकाला ही चाल परकी वाटू नये. संस्कृतात 'मृग' म्हणजे आधी रानातले कोणतेही जनावर, पुढे तो शब्द हरणापुरता राहिला. पण 'मृगेंद्र' म्हणजे सिंह, 'मृगया' म्हणजे शिकार. या जोडशब्दांत जुना अर्थ तसाच टिकून आहे. मृगेंद्राचा अर्थ 'हरणांचा राजा' असा लावला तर जी चूक होईल, तीच एअरलूमचा अर्थ 'वारसाचा माग' लावताना होते. सुटा शब्द बदलतो, जोडशब्दात तो गोठून राहतो. व्युत्पत्ती पाहताना ही पहिली कसोटी लावावी.

दुसरा पुरावा स्कॉटलंडचा. तिथल्या बोलीत 'लूम' हा शब्द अवजार आणि भांडे या अर्थाने पुढे कित्येक शतके चालू राहिला. 'वर्क-लूम' म्हणजे तिथे मागाचा प्रकार नव्हे, कामाचे हत्यार.

चुकीची व्युत्पत्ती फक्त बाजारगप्पांत असते असे नाही. इंग्लंडचा मोठा कायदेपंडित विल्यम ब्लॅकस्टोन याने आपल्या 'कॉमेंटरीज'च्या दुसऱ्या भागात, १७६६ मध्ये, लिहिले की 'लूम' हा सॅक्सन शब्द असून त्याचा अर्थ 'अवयव', म्हणजे एअरलूम हा मालमत्तेचा एक अवयवच. कल्पना सुरेख आहे. वास्तूपासून न तोडता येणाऱ्या वस्तूंना ती चपखल बसते, म्हणूनच ती शंभर वर्षांहून अधिक काळ वकिलांच्या पुस्तकांत उतरत राहिली. पण भाषेच्या दृष्टीने ती चूक आहे. इंग्रजीत अवयवाला 'लिंब' म्हणतात, तो शब्द वेगळा आणि 'लूम' वेगळा. ब्लॅकस्टोनचे कायद्याचे ज्ञान पक्के होते. अर्थ पटला म्हणून व्युत्पत्तीही पटली, इथे तो घसरला.

जाता जाता : अंधारातून काहीतरी मोठे, अस्पष्ट पुढे येणे यासाठी इंग्रजीत 'लूम' हे क्रियापद आहे. त्याचा या 'लूम'शी काही संबंध नाही.

प्रश्न : वर्गात मुले विचारतात की 'हेरिटेज'मध्ये 'ह' ऐकू येतो, 'इनहेरिट'मध्येही येतो, मग 'एअर' आणि 'एअरलूम'मध्ये तो का गप्प? आणि यामागचे मूळ कोणते?
(शिक्षिका, सातारा)

उत्तर : हे सगळे शब्द लॅटिन 'हेरेस' म्हणजे वारस या शब्दाचे वंशज. बोलल्या जाणाऱ्या लॅटिनमधून 'ह'चा उच्चार लवकरच गेला होता, त्यामुळे जुन्या फ्रेंचमध्ये तो नव्हताच. नॉर्मन राजवटीनंतर फ्रेंच शब्द इंग्रजीत आले ते 'ह'विना. पुढे लॅटिन जाणणाऱ्या लेखनिकांनी मूळ आठवून लिहिताना ते अक्षर परत घातले. काही शब्दांत लेखनाच्या मागोमाग उच्चारही परतला : हेरिटेज, हेरेडिटरी, हॉस्पिटल. काहींत परतला नाही : एअर, ऑनर, ऑनेस्ट, अवर. नियम असा नाही, प्रत्येक शब्दाची वाट वेगळी. मुलांना हे चारच शब्द पाठ करायला सांगावेत, यांचीच धाकटी भावंडे (एअरेस, ऑनरेबल, अवरली) त्यांच्या मागे येतात.

लिहिताना दोन चुका हमखास होतात. एक, आर्टिकल. ते अक्षरावर ठरत नाही, कानावर ठरते, म्हणून एअरलूमच्या आधी 'अॅन' आणि हेरेडिटरीच्या आधी 'अ'. दुसरी, स्पेलिंग. 'एच'नंतर आधी 'ई', मग 'आय'. 'आय आधी, ई नंतर' हा शाळेतला नियम इथे लावला की चूक ठरलेली.

मुळाकडे वळू, कारण इथे आपली भाषा भेटते. 'हेरेस'च्या मुळाशी 'रिकामे होणे, मागे सुटणे' या अर्थाचा प्राचीन धातू भाषाशास्त्रज्ञ मानतात. ग्रीकमधला 'खेरा' म्हणजे विधवा हा शब्द त्याच धातूचा. संस्कृतात त्याचेच रूप 'हा', वर्तमानकाळी 'जहाति' म्हणजे 'सोडतो'. त्यावरून हीन आणि हानी. म्हणजे इंग्रजीतला 'एअर' आणि मराठीतली 'हानी' हे फार दूरचे नातलग ठरतात. मिळकत ज्याला मिळते त्याचे नाव मिळण्यावरून पडले नाही, कुणीतरी सोडून गेले यावरून पडले.

फ्रेंच शब्द येण्यापूर्वी इंग्रजांचा स्वतःचा शब्द होता : वारशाला 'यर्फे', वारसाला 'यर्फेनुमा', म्हणजे वारसा घेणारा. तो इंग्रजीतून पुसला गेला, पण जर्मनमध्ये 'एर्बे' म्हणून आजही रोजच्या वापरात आहे. त्याचे मूळ वेगळे. ग्रीक 'ऑर्फानोस'वरून आलेला इंग्रजी 'ऑर्फन' म्हणजे अनाथ आणि आपला 'अर्भक' याच कुळातले मानले जातात. बाप गेलेले मूल आणि वारस, दोघांना एकच नाव. वर्गात फळ्यावर एका बाजूला एअर, खेरा, हानी आणि दुसऱ्या बाजूला एर्बे, ऑर्फन, अर्भक असे लिहून दाखवावे.

प्रश्न : इथल्या एका ओळखीच्या वृद्ध गृहस्थांनी सांगितले की इंग्रजी कायद्याप्रमाणे एअरलूम मृत्युपत्राने दुसऱ्याला देता येत नाही. स्वतःची वस्तू आणि देता येत नाही, हे कसे?
(वाचक, लेस्टर)

उत्तर : जुन्या कायद्यापुरते त्यांचे म्हणणे बरोबर आहे. आज ते लागू नाही.

जुन्या इंग्रजी कायद्यात माणूस मेल्यावर त्याच्या मालमत्तेला दोन वाटा फुटत. जमीन आणि घर वारसाकडे, म्हणजे बहुधा थोरल्या मुलाकडे जाई. जंगम वस्तू (गुरे, धान्य, पैसा, भांडी) मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याच्या ताब्यात जात. त्यातून तो कर्जे फेडी आणि उरलेले वाटून टाकी. अडचण उघड आहे. वारसाला घर मिळे, पण चूल पेटवायला भांडे नाही, शेत मिळे पण गाडी नाही. काही गावांच्या रूढीने यावर तोड काढली होती : प्रत्येक प्रकारातली सर्वांत चांगली एक वस्तू घराबरोबर वारसालाच. एडवर्ड कोक या न्यायाधीशाने १६२८ च्या ग्रंथात अशा वस्तू सांगितल्या आहेत : उत्तम पलंग, मेज, हंडा, तवा, गाडी. मूळ एअरलूम ते हे. हिऱ्याचा हार त्या यादीत नाही. 'लूम' म्हणजे कामाची वस्तू हे लक्षात ठेवले की यादी आपोआप समजते.

रूढीपलीकडेही काही वस्तू जमिनीबरोबरच जात. जमिनीची खरेदीखते आणि कागदपत्रे, इतकेच नव्हे तर ती ज्या पेटीत ठेवलेली असत ती पेटीसुद्धा. तळ्यातले मासे, कबुतरखान्यातली कबुतरे, परवानगीच्या राखीव बागेतली हरणे. पूर्वजाच्या थडग्यावरचा दगड आणि चर्चमध्ये टांगलेली त्याची ढाल. राजमुकुटाची प्राचीन रत्ने ब्लॅकस्टोनने याच सदरात घातली आहेत, राजाची प्रतिष्ठा राखायला ती लागतात म्हणून.

आता तुमचा प्रश्न. मालक जिवंत असताना अशी वस्तू विकू शकत असे, कुणाला देऊनही टाकू शकत असे. मृत्युपत्राने मात्र ती घरापासून तोडता येत नसे. कारण बारकाईने पाहण्यासारखे आहे. मृत्युपत्र लागू होते मृत्यूनंतर. रूढीने एअरलूम वारसाची होते ती मृत्यूच्या क्षणीच. मृत्युपत्र उघडायच्या आधी वस्तू हातची गेलेली असे, मग द्यायला उरणार काय?

पुढे बड्या घराण्यांनी जमिनीबरोबर चित्रे, चांदीची भांडी, ग्रंथसंग्रहही करारनाम्याने पिढ्यांना बांधून टाकले, तेव्हा त्यांनाही एअरलूम म्हणू लागले. कोकच्या तव्यापासून चांदीच्या ताटापर्यंतचा प्रवास इथे झाला. ही बेडी इतकी आवळली की १८८२ च्या सेटल्ड लँड अॅक्टने न्यायालयाच्या परवानगीने अशा वस्तू विकायची मुभा दिली. १९२५ च्या कायद्यांनी तर जमीन वारसाकडे आणि जंगम दुसरीकडे ही फाळणीच मोडली. त्यामुळे तुमच्या इंग्लंडमध्ये आज एखाद्या वस्तूला नुसते एअरलूम म्हटल्याने ती कुणाची ठरत नाही.

म्हणून घड्याळ, समई, पेटी अमक्यालाच मिळावी असे वाटत असेल तर मृत्युपत्रात ती ओळखता येईल असे वर्णन लिहावे : धातू, मोजमाप, वजन, कोरलेली अक्षरे, जमल्यास फोटोचा उल्लेख. 'माझे जुने घड्याळ' एवढेच लिहिले आणि घरात दोन निघाली की भांडण तिथेच सुरू होते. ज्याला द्यायची तो आधी वारला तर कुणाला, हेही लिहावे. आणि ती वस्तू हयातीत विकली किंवा दिली तर मृत्युपत्र बदलावे. मृत्यूच्या वेळी वस्तूच नसेल तर ती देणगी कोसळते आणि बदल्यात पैसे मिळत नाहीत. हा शेवटचा नियम भारतीय उत्तराधिकार कायद्यातही तसाच आहे.

प्रश्न : भाषांतर करताना एअरलूमला 'वडिलोपार्जित वस्तू' लिहितो. संपादकांनी हरकत घेतली. तसेच 'एअर अॅपरंट' आणि 'एअर प्रिझम्प्टिव्ह' या दोहोंना मराठीत काय म्हणावे?
(अनुवादक, पुणे)

उत्तर : संपादकांची हरकत योग्य आहे. बोलण्यात 'वडिलोपार्जित' म्हणजे जुने, घरचे. पण हिंदू कायद्यात त्याला ठरावीक अर्थ आहे : बाप, आजा, पणजा यांच्याकडून पुरुषशाखेने आलेली आणि जिच्यात मुलांना जन्मतःच हक्क आहे अशी मिळकत. आजीच्या पाटल्या नातीकडे आल्या तर त्या जुन्या आहेत, घरच्या आहेत, पण वडिलोपार्जित नाहीत. ते आजीचे स्त्रीधन होते, पूर्णपणे तिच्या मालकीचे. बापाची स्वकष्टार्जित मिळकत मुलाला वारशाने मिळाली तरी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर ती त्या मुलाची स्वतंत्र मालमत्ता ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये सांगितले आहे. म्हणून वडिलोपार्जित हा शब्द वकिली कागदासाठी राखून ठेवावा.

कथा-कादंबरीत 'पिढीजात' उत्तम. पिढीजात हंडा, पिढीजात दागिना. थोडा भारदस्तपणा हवा असेल तर 'वंशपरंपरागत ठेवा'. जुन्या इंग्रजी कायद्याचा मजकूर असेल तर 'वास्तूबरोबर वारसाकडे जाणारी जंगम वस्तू' असे एकदा फोडून सांगावे आणि पुढे 'एअरलूम' हाच शब्द ठेवावा. एका शब्दाच्या हट्टापायी अर्थ बिघडवू नये.

'वारस' आणि 'वारसा' हे आपले शब्द अरबीतून आले. 'मिरास'ही त्याच अरबी धातूवरून. मराठेशाहीत गावच्या जमिनीवर वंशपरंपरेचा हक्क असलेला तो मिरासदार आणि तसा हक्क नसताना कसणारा तो उपरी. १८७४ च्या मुंबई कायद्याच्या नावात इंग्रजीत 'हेरेडिटरी ऑफिसेस' आहे आणि आपण त्याला सरळ 'वतन कायदा' म्हणतो. ऐतिहासिक मजकूर भाषांतरित करताना वतन आणि मिरास हे शब्द डावलून 'आनुवंशिक पदे' लिहिणे अन्यायाचे वाटते. आनुवंशिक हा शब्द गुणसूत्रांकडे राहू द्यावा. संस्कृत परंपरेतला शब्द 'दाय', आणि दाय घेणारा तो 'दायाद'.

आता दुसरी जोडी. इथे इंग्रजी कायद्याचे एक सूत्र माहीत हवे : जिवंत माणसाला वारस नसतो. तो मेल्यावरच कोण वारस ते ठरते, तोवर असतात ते उमेदवार. त्यातला ज्याला नव्या जन्माने मागे सारता येत नाही, मालकाच्या आधी मृत्यू आला तरच ज्याचा हक्क जातो, तो एअर अॅपरंट. जवळचे नवे मूल जन्मले तर ज्याचा हक्क जाईल तो एअर प्रिझम्प्टिव्ह. दुसरी एलिझाबेथ १९३६ ते १९५२ प्रिझम्प्टिव्ह होती, कारण तिला भाऊ झाला असता तर गादी त्याची होती. तिचा मुलगा चार्ल्स १९५२ पासून २०२२ पर्यंत अॅपरंट. ही काळजी किती टोकाला जाते ते १८३७ मध्ये दिसले. व्हिक्टोरियाला राणी जाहीर करताना जाहीरनाम्यात अट घातली होती की दिवंगत चौथ्या विल्यमच्या राणीला पुढे मूल झालेच तर त्याचा हक्क अबाधित राहील. २०१३ च्या कायद्याने, जो २०१५ मध्ये लागू झाला, २८ ऑक्टोबर २०११ नंतर जन्मलेल्यांना मुलगा-मुलगी हा भेद उरला नाही. म्हणून चार्ल्सची नात शार्लट हिचा धाकटा भाऊ लुई २०१८ मध्ये जन्मला तरी तिचा क्रम त्याच्या आधीच राहिला.

मराठीत अॅपरंटला 'निश्चित वारस' आणि प्रिझम्प्टिव्हला 'तूर्त वारस' म्हणावे. 'संभाव्य वारस' दोघांनाही लागू पडतो, म्हणून टाळावा. मात्र हे शब्द मिताक्षरेच्या, म्हणजे हिंदू वारसा कायद्याच्या एका जुन्या परंपरेच्या, संदर्भात वापरू नयेत. तिथे मुलाला बापाच्या हयातीत, जन्मतःच हक्क मिळतो. त्याला अप्रतिबंध दाय असे खास नाव आहे आणि 'जिवंत माणसाला वारस नसतो' हे सूत्र तिथे मुळातच बसत नाही. या एका फरकामुळे इंग्रजी 'एअर'ला मराठीत नेमका जोडीदार मिळत नाही.

प्रश्न : आमच्याकडे जुने लोक वारशाला 'हेरांसा' म्हणतात. हा शब्द इंग्रजी 'एअर'चाच भाऊ का?
(वाचक, म्हापसा)

उत्तर : सावत्र भाऊ म्हणता येईल. पोर्तुगीजमध्ये वारसदाराला जो 'हेर्देइरु' शब्द आहे तो थेट 'हेरेस'च्या कुळातला. 'हेरांसा'चे मूळ मात्र लॅटिन 'हॅरेंतिया' म्हणजे चिकटलेल्या वस्तू असे देतात, आणि पुढे 'हेरेस'च्या शेजाराने तो वारशाच्या अर्थात मुरला. घराला चिकटलेली वस्तू ती वारशाची, ही कोकच्या तव्याचीच कल्पना दुसऱ्या वाटेने आलेली दिसते.

गोव्यात हा नुसता शब्दांचा प्रश्न नाही. १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेली चौकट २०१२ च्या गोव्याच्या वारसा कायद्यातही टिकली आहे. मुलेबाळे असताना माणसाला मृत्युपत्राने फक्त अर्ध्या हिश्श्याची वाट लावता येते, उरलेला अर्धा त्यांच्यासाठी राखीव. म्हणून जुनी समई किंवा देव्हारा एखाद्यालाच द्यायचा असेल तर त्याची किंमत आपल्या अर्ध्यात बसते ना, हे आधी पाहावे. न बसल्यास वाटणीच्या कामात, ज्याला तुमच्याकडे इन्व्हेंटरी म्हणतात, ती देणगी कमी केली जाऊ शकते.

प्रश्न : रोपवाटिकेत 'एअरलूम टोमॅटो' अशी पाटी पाहिली. टोमॅटो वारशाने कसा येतो? आणि त्याचे बी धरता येते का?
(वाचक, नाशिक)

उत्तर : हा अर्थ विसाव्या शतकातला, मुख्यतः अमेरिकेतला. जे वाण वारा, कीटक किंवा स्वतःच्या परागाने फळते, ज्याचे बी लावले तर आईसारखेच रोप येते आणि जे कुटुंबांनी बी धरून पिढ्यान्‌पिढ्या टिकवले ते एअरलूम. किती जुने असावे याला कायद्याचा निकष नाही. कुणी ५० वर्षे धरतात, कुणी दुसऱ्या महायुद्धापूर्वीचे हवे म्हणतात. अमेरिकेत आयोवा राज्यातल्या डेकोरा गावी असलेल्या 'सीड सेव्हर्स एक्स्चेंज' या संस्थेने हा शब्द घरोघर पोहोचवला. १९७५ मध्ये तिची सुरुवात झाली ती आजोबांनी नातीला दिलेल्या बियांपासून. आपल्याकडे यासाठी 'गावरान वाण' आणि 'देशी बियाणे' हे शब्द आधीपासून आहेत. अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी ते जपले, २०२० च्या पद्मश्रीने त्यांचा सन्मान झाला. २००१ च्या पीक वाण आणि शेतकरी हक्क संरक्षण कायद्यात शेतकऱ्यांनी परंपरेने शेतात घडवलेल्या वाणाला 'शेतकरी वाण' अशी स्वतंत्र ओळख आहे. आमच्या मते पाटीवर 'गावरान' लिहिणे अधिक खरे, पण परदेशातून आलेल्या जुन्या वाणाला गावरान म्हणता येणार नाही, तिथे एअरलूमच ठेवावे.

पाकिटावर 'एफ-१' लिहिले असेल तर ते संकरित, त्याचे बी धरू नये. पुढच्या पिढीत गुण फुटतात आणि प्रत्येक रोप वेगळे निघते. एअरलूमचे बी असे धरावे. निरोगी रोपांवरची, एकाहून जास्त रोपांची, पूर्ण पिकलेली फळे घ्यावीत. आडवी कापून गर आणि बी काचेच्या बरणीत पिळावे, तेवढेच पाणी घालून वर फडके बांधावे आणि सावलीत ठेवावे. थंडीत तीन दिवस, उन्हाळ्यात दीड-दोन दिवस पुरतात. दिवसातून एकदा ढवळावे. बियांभोवतीचे बुळबुळीत आवरण उगवण रोखते, आंबवल्याने ते सुटते. वर साय धरली आणि चांगले बी तळाला बसले की लगेच धुवावे. जास्त दिवस ठेवले तर बी बरणीतच अंकुरते आणि वाया जाते. धुतलेले बी ताटलीत किंवा बारीक जाळीवर पातळ पसरावे, कागदावर नको, चिकटून बसते. कडक उन्हात वाळवू नये. बोटांत घेतल्यावर सुटे, कोरडे वाटले की कागदी पुडीत, नाव आणि वर्ष लिहून, घट्ट डब्यात ठेवावे.

टोमॅटोत स्वपरागण होत असल्याने दोन वाणांत थोडे अंतर पुरते. दुधी, भोपळा, काकडी यांची गोष्ट वेगळी. मधमाश्या एकाच जातीच्या दोन वाणांचा पराग सहज मिसळतात. अर्धा किलोमीटर अंतर राखता आले नाही तर उमलण्याच्या बेतात असलेल्या नर आणि मादी कळ्या फुलण्याआधीच दोऱ्याने बांधाव्यात, उमलायच्या वेळी हाताने पराग लावावा, मादी फूल पुन्हा बांधावे आणि देठाला खुणेची चिंधी बांधावी.

प्रश्न : नव्या पैठणीच्या जाहिरातीत 'एअरलूम पैठणी' असे लिहिलेले होते. नवी साडी एअरलूम कशी? आणि माझ्या आजेसासूबाईंची पैठणी खरोखरच पिढीजात आहे, ती कशी सांभाळू?
(वाचक, दादर)

उत्तर : पुढे एअरलूम होईल अशी, हा त्या जाहिरातीचा रोख असावा. तरीही शब्द चुकीच्या जागी पडला आहे. एअरलूम ठरते ती हातून हाती गेल्यावर. दुकानातून निघताना ती फक्त चांगली साडी असते.

तुमच्या पैठणीसाठी : साडी धुतलेल्या, स्टार्च नसलेल्या पांढऱ्या मलमलीत गुंडाळा. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, जरीकाम काळवंडते. दर तीन-चार महिन्यांनी काढून घडी बदला. जुने रेशीम एकाच घडीवर राहिले की धागे तिथेच तुटतात आणि साडी घडीच्या रेषेत फाटते. घडीच्या आत मलमलीची गुंडाळी ठेवली तर मोड तीव्र पडत नाही. जरीचा पदर आतल्या बाजूला घ्या. डांबराच्या गोळ्या साडीला लागू देऊ नका, कपाटाच्या कोपऱ्यात वेगळ्या पुरचुंडीत ठेवा. अत्तर किंवा सेंट जरीवर मुळीच नको. लोखंडी हँगरवर टांगू नका, जुना पदर वजनाने खांद्याशी उसवतो. पावसाळा संपल्यावर, कोरडी हवा पडली की सावलीत तासभर पसरून वारा द्या. कडा विरल्या असतील तर नेसण्यापूर्वी रफू करणाऱ्याकडून मागून रेशमी अस्तराची पट्टी लावून घ्या. पट्टी साडीच्या रंगाची आणि मऊ असावी, कडक कापड लावले तर जुने रेशीम शिवणीलगत फाटते.